तिकीट नाही, क्लेम नाही, तरी क्रेडिटमुळे गाडीचा इन्शुरन्स महाग?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आम्ही फ्रीमाँटहून फ्रिस्कोला शिफ्ट झालो (डॅलसच्या वरचं फ्रिस्को). गाडी तीच, चालवणारे आम्ही दोघं तेच, दोघांनाही आजवर एक तिकीट (ट्रॅफिकचा दंड) नाही की आमच्या चुकीने झालेला अपघात नाही, उलट नवऱ्याचं ऑफिस आता जवळ आल्यामुळे मैल कमीच पडतात. कॅलिफोर्निया महाग महाग म्हणतात सगळे, त्यामुळे इन्शुरन्स उतरेल अशी खात्री होती आणि आला तो जवळपास दीडपट!

एजंटला फोन केला तर तो म्हणे मॅडम तुमचं ड्रायव्हिंग एकदम क्लीन आहे पण तुमचा इन्शुरन्स स्कोर मधल्या बँडमध्ये येतो. मला आधी कळेचना काय म्हणतोय. मग कंपनीचं पत्र आलं त्यात कारणं लिहिलीयत, कार्डांवर लिमिटच्या मानाने बॅलन्स जास्त, अलीकडे उघडलेली खाती जास्त, आणि खात्यांचं सरासरी वय कमी. आता झालं असं की मागच्या वर्षी नवऱ्याचा लेऑफ झाला होता, त्या काळात हेल्थ इन्शुरन्स खिशातून भरला आणि बाकी बरंच कार्डांवर ढकललं. पण मिनिमम का होईना प्रत्येक महिन्याला वेळेवर भरलंय, एकही पेमेंट चुकलेलं नाही. आणि नवीन खाती म्हणजे काय तर घराचं कर्ज आणि फर्निचरच्या दुकानाचं कार्ड.

मला एवढंच कळत नाहीये की नवऱ्याची नोकरी गेल्यावर मी ब्रेक उशिरा दाबायला लागले का? हे कायद्यात बसतं का, आणि काही करता येतं का?

अण्णा_एडिसनकर:
टेक्सासात स्वागत. उरलेल्या अमेरिकेत हे असंच आहे हो, तुम्ही कॅलिफोर्नियात होता म्हणून इतकी वर्षं तुम्हाला पत्ता नव्हता. आमच्या न्यू जर्सीतही क्रेडिट बघतात. माझी गोष्ट वेगळीच आहे, सवडीने लिहितो.

वटवट_सुमी:
बाई गं. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बंदी आहे याला. म्हणून स्वस्त आहे असं मात्र समजू नका, बॉस्टनमध्ये गाडी ठेवणं हाच एक दंड आहे.

वाचतेय.

गणित्या:
मी याच धंद्यात आहे (हार्टफर्ड, विम्याचे दर आकडेमोडीने ठरवणारा म्हणजे अ‍ॅक्च्युअरी, तेव्हा दगड हळू मारा), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाफेकळी, पहिली गोष्ट, तुमची सगळी वाढ क्रेडिटची नाही. डॅलसच्या वरच्या पट्ट्यात गारा पडतात आणि साध्यासुध्या नाही, एका वादळात पार्किंग लॉटभर गाड्यांचे टप आणि काचा जातात, ते सगळं कॉम्प्रिहेन्सिव्हच्या (गारा, चोरी असं धडकेशिवायचं नुकसान) भागात येतं. त्यामुळे तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर कव्हरेजप्रमाणे तोडून दिलेला प्रीमियम बघा, जुन्या पॉलिसीशी ओळ ओळ लावून बघा, लिमिट आणि डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपण भरायची रक्कम) तेच आहेत ना तेही बघा. क्रेडिटचा परिणाम साधारण सगळ्या ओळींवर दिसेल, गारांचा एकाच.

दुसरं, जो स्कोर बघतात तो तुमचा कर्जासाठीचा क्रेडिट स्कोर नाही. माहिती त्याच क्रेडिट रिपोर्टातून (कर्जं-कार्डांच्या नोंदींतून) घेतात पण मॉडेल वेगळं. कर्जाचा स्कोर सांगतो हा माणूस हप्ते बुडवेल का, आणि इन्शुरन्स स्कोर सांगतो याच्यामागे क्लेमचा खर्च किती येईल. फायको या क्रेडिट स्कोर बनवणाऱ्या कंपनीने हे मॉडेल नव्वदीच्या सुरुवातीला आणलं, आज लेक्सिसनेक्सिस, ट्रान्सयुनियन यांचीही आहेत आणि मोठ्या कंपन्यांची स्वतःची असतात. फायकोचं ढोबळ वजन असं की पैसे वेळेवर भरलेत का याला ४०%, किती देणं शिल्लक आहे याला ३०%, खाती किती जुनी १५%, नवीन कर्जासाठी किती धडपड केली १०%, आणि कर्जांचे प्रकार किती त्याला ५%. तुमचा पगार किती हे त्यात कुठेही नाही. वंश, धर्म, नागरिकत्व, काही नाही. तुम्ही वेळेवर भरलंत म्हणून ४०% वाला भाग ठीक असणार, मार बसलाय तो ३० आणि १५ आणि १० वर.

तिसरं, संबंध काय. तर याचं प्रामाणिक उत्तर असं की संबंध आहे हे आकड्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय पण का आहे ते कोणीच ठामपणे सांगू शकलेलं नाही. टेक्सास विद्यापीठाने २००३ मध्ये अभ्यास केला, फेडरल ट्रेड कमिशनने (एफटीसी, ग्राहकहित बघणारी केंद्रीय संस्था) २००७ मध्ये मोठा रिपोर्ट काढला, दोन्हीत हेच की स्कोर खाली तसा क्लेमचा खर्च वर. कोणी म्हणतं जो पैशात काळजीपूर्वक वागतो तो रस्त्यावरही, कोणी म्हणतं ज्याच्याकडे हजार डॉलर शिल्लक नाहीत तो बंपर घासला तरी क्लेम करतो आणि ज्याच्याकडे आहेत तो गुपचूप खिशातून भरतो. मला दुसरं जास्त पटतं. पण कंपनीला दोन्हीने फरक पडत नाही, तिला क्लेमचा चेक लिहावा लागतो हे खरं.

चाफेकळी:
गणित्या धन्यवाद, ओळ ओळ लावून बघते. पण तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून मला जास्तच राग आला :) म्हणजे मी जास्त धडकते असं नाही, तर माझ्यासारख्या तंगीतल्या बाईला क्लेम करायची गरज जास्त पडेल असा कंपनीचा अंदाज. अहो मग इन्शुरन्स कशासाठी घेतात? क्लेम करायलाच ना?

गाडीवान_मिशिगन:
चाफेकळीला माझी +१.

आमच्याकडची गंमत ऐका. मी डेट्रॉइटजवळ राहतो, देशातला सगळ्यात महाग गाडी इन्शुरन्स आमचा म्हणून कित्येक वर्षं गाजलेला, कारण अपघातानंतरचा वैद्यकीय खर्च आयुष्यभर आणि अमर्याद भरायचा असा कायदा होता. २०१९ मध्ये गव्हर्नर व्हिटमरबाईंनी सुधारणेवर सही केली, त्यात स्त्री की पुरुष, लग्न झालंय का, घर स्वतःचं की भाड्याचं, शिक्षण, नोकरी, झिपकोड आणि क्रेडिट स्कोर, यातलं काहीही वापरून रेट ठरवायचा नाही असं लिहिलं. आम्ही खूश. मग नीट वाचलं तर क्रेडिट रिपोर्टवरून काढलेला 'इन्शुरन्स स्कोर' मात्र चालतो! आणि झिपकोड नाही पण 'टेरिटरी' (विभाग) चालते. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला पाहुणा मागच्या दाराने पानावर येऊन बसला.

त्याच्या आधीही इथल्या विमा आयुक्तांनी नियम काढून क्रेडिट बंद करायचा प्रयत्न केला होता, तो खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०१० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याने परवानगी दिलेली गोष्ट आयुक्ताला अशी बंद करता येत नाही. त्यामुळे आता मी कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा व्याख्यांच्या पानावर काय लिहिलंय ते आधी बघतो.

रेड्यामुखी:
मी विमावाला नाही, वकिलांच्या ऑफिसात कागद हलवणारा माणूस आहे, त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती समजा.

कायद्यात बसतं का? बसतं. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने इन्शुरन्सचं नियमन राज्यांकडे गेलं, म्हणून एकाच देशात पन्नास तऱ्हा. कॅलिफोर्निया, हवाई, मॅसॅच्युसेट्स इथे गाडीसाठी क्रेडिट वापरत नाहीत. मेरीलँडमध्ये नवीन पॉलिसीला मर्यादेत वापरता येतं पण त्यावरून रिन्युअलला रेट वाढवता येत नाही. ओरेगन, युटा यांनीही लगाम घातलेत. बाकी बहुतेक ठिकाणी चालतं. कॅलिफोर्नियाचं मूळ १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मध्ये आहे, लोकांनी मतदानाने ठरवलं की रेट आधी तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग वर्षाचे मैल, मग किती वर्षं चालवताय, या क्रमाने ठरेल आणि चांगल्या ड्रायव्हरला २०% सूट द्यायचीच. चाफेकळी, तुम्ही आजवर या नियमाखाली राहत होता.

आता करता काय येईल ते. टेक्सासच्या इन्शुरन्स कोडात प्रकरण ५५९ आहे, ते फक्त क्रेडिटच्या वापरावर आहे. त्यात 'असाधारण घटना' म्हणून तरतूद आहे, गंभीर आजार, जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, ओळखचोरी आणि (हे वाचा नीट) तात्पुरती नोकरी जाणं. अशा घटनेमुळे क्रेडिट खराब झालं असेल तर कंपनीला लेखी विनंती करा, वाजवी सूट द्यायची सोय कायद्यात आहे. कंपनी आपण होऊन विचारणार नाही. लेऑफचं पत्र, तारखा, बेकारी भत्त्याचा कागद आणि त्याच महिन्यांत बॅलन्स कसा चढत गेला ती स्टेटमेंटं जोडा. फोनवर नको, लेखीच. पहिल्यांदा नाही म्हणाले तर राज्याच्या विमा खात्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते, मग कंपनीला लेखी उत्तर द्यावंच लागतं.

आणि ते पत्र जपून ठेवा. फेडरल क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याप्रमाणे क्रेडिटमुळे रेट वाढवला तर कोणत्या ब्युरोचा (क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) रिपोर्ट वापरला ते कंपनीला सांगावं लागतं आणि ६० दिवसांच्या आत त्या ब्युरोकडून रिपोर्ट फुकट मागता येतो. २००७ मध्ये सेफको विरुद्ध बर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नवीन ग्राहकाला दिलेला पहिलाच रेट असला तरी हे लागू आहे. पण माप त्यांनी कंपन्यांच्या सोयीचं लावलं. तुलना सगळ्यात चांगल्या रेटशी करायची नाही, तुमचं क्रेडिट बघितलंच नसतं तर जो रेट लागला असता त्याच्याशी करायची. त्यामुळे ज्यांना सगळ्यात चांगला रेट नाही पण मधला मिळाला त्यांना पत्रही येत नाही. तुम्हाला आलंय म्हणजे तुम्ही मधल्याच्याही खाली आहात, एजंट गोड बोलला.

पुणेरी_काटा:
प्रतिसाद नंतर काढून टाकेन पण आधी लिहितो. हे सगळं वाचून हसू येतंय की इथे आम्ही समजतो अमेरिकेत सगळं मेरिटवर. गाडी कशी चालवता हे सोडून उधारी किती आहे ते बघायचं म्हणजे पेपर तपासायच्या आधी बापाचा सातबारा मागवून मार्क देण्यासारखं झालं. आपल्याकडे बरं आहे, सिबिल कितीही घसरलं तरी थर्ड पार्टीचा रेट सगळ्यांना सारखा.

गणित्या:
काटा, हसा पण तुमच्याकडे तरी चालवणं कुठे बघतात? थर्ड पार्टीचा दर सरकार जाहीर करतं, इंजिनाच्या सीसीवर. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) दर २००७ पासून कंपन्यांना मोकळा आहे, तो गाडीची किंमत, वय, मॉडेल आणि झोनवर. सिग्नल तोडणारा आणि न तोडणारा दोघंही एकच रक्कम भरतात.

पुणेरी_काटा:
एनसीबी (नो क्लेम बोनस) आहे की! क्लेम नाही केला तर २०% पासून चढत चढत ५०% पर्यंत सूट मिळते, तीही गाडीला नाही मालकाला, गाडी विकली तरी नवीन गाडीवर नेता येते. आणि दंडाच्या पावत्यांवरून जादा प्रीमियम लावायचा प्रस्ताव आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) समितीने २०२१ मध्ये मांडला होता, दिल्लीत प्रयोग करू म्हणत होते. २०२२ मध्ये जितकी चालवाल तितकं आणि जशी चालवाल तसं भरा अशी जोडकव्हरंही मंजूर केली. तेव्हा अगदीच काही नाही असं नाही. आमचा पुण्यातला रोग वेगळा आहे, पहिल्या पॉलिसीनंतर कित्येक दुचाक्यांचा विमा कोणी भरतच नाही, रेट कसा ठरतो हा वाद घालायला आधी पॉलिसी तरी पाहिजे.

नवा_गडी:
काका मावश्या, मी एमएससाठी ॲरिझोनात आलोय. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आत्ताच आलं, एकही कार्ड नाही. सेकंडहँड कोरोला घ्यायची आहे. माझी क्रेडिट हिस्टरी खराब नाहीये, ती नाहीच आहे. मग मला काय धरणार? पप्पा म्हणतात घरचं सिबिल उत्तम आहे ते दाखव :D

रेड्यामुखी:
पप्पांना नमस्कार सांगा. सिबिल इथे इन्शुरन्सवाल्यांना दिसत नाही, तुम्ही नाशिकला किती वर्षं गाडी चालवली तेही बहुतेक कंपन्या मोजत नाहीत. हिस्टरी नसणं म्हणजे वाईट हिस्टरी नव्हे हे बऱ्याच राज्यांच्या कायद्यात लिहिलेलं आहे, अशा माणसाला तटस्थ धरा किंवा तुमचा वेगळा आधार विमा खात्याला दाखवा असं. पण तटस्थ म्हणजे मधला रेट, चांगला नव्हे. आणि तुमचं वय आणि नवं लायसन्स याचा मार त्याहून मोठा बसणार आहे हे आत्ताच सांगतो.

वटवट_सुमी:
नवा गडी, बाळा, पहिलं काम म्हणजे एक स्टुडंट कार्ड किंवा सिक्युअर्ड (डिपॉझिट ठेवून मिळणारं) कार्ड काढ, त्यावर फक्त किराणा घे आणि दर महिन्याला पूर्ण भर. साधारण सहा महिने खातं चालल्याशिवाय फायको स्कोर तयारच होत नाही. तोपर्यंत वेगवेगळ्या कंपन्यांचे कोट (दराचे अंदाज) घे, घाबरू नकोस, इन्शुरन्सचा कोट घेताना क्रेडिट बघतात त्याने स्कोर खाली येत नाही. ती सॉफ्ट चौकशी असते. आणि सहा महिन्यांनी रिन्युअलला परत सगळीकडे कोट घे, आमच्या मंडळातल्या निम्म्या मुलांना वाटतं की एकदा घेतला की झालं. आणि रूममेटला गाडी चालवायला देणार असशील तर त्याचं नाव पॉलिसीत घाल, नाहीतर धडकल्यावर क्रेडिटबिडिट राहील बाजूला.

सिअ‍ॅटलचा_पाऊस:
उलट बाजूही लिहितो, कोणाला आवडो न आवडो.

वॉशिंग्टन राज्यात हे प्रत्यक्ष करून बघितलं गेलं. तेव्हाचे विमा आयुक्त माइक क्रायडलर यांनी मार्च २०२१ मध्ये आणीबाणीचा नियम काढून गाडी, घर आणि भाडेकरू तिन्हींच्या इन्शुरन्समध्ये क्रेडिट बंद केलं. कारण पटण्यासारखं होतं, कोविडमध्ये फेडरल कायद्याने लोकांना हप्ते पुढे ढकलायला दिले आणि ब्युरोंना ते थकीत दाखवू नका सांगितलं, मग ही सवलत संपल्यावर जे चित्र दिसेल त्यावर कसा भरवसा ठेवायचा. पण झालं काय, कंपन्यांना एकूण प्रीमियम तेवढाच गोळा करायचा होता. ज्यांना क्रेडिट चांगलं म्हणून सूट होती त्यांची सूट गेली आणि त्यांचे रेट चढले. त्यात रिटायर्ड मंडळी खूप होती, घर फिटलेलं, आयुष्यभर कार्ड पूर्ण भरलेलं, वर्षाला गाडी जेमतेम चालते, आणि एका रिन्युअलमध्ये बिल वाढलं. माझंही वाढलं. नियम पहिल्यांदा पद्धत चुकली म्हणून कोर्टात पडला, त्यांनी तो पुन्हा रीतसर आणला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की आयुक्तांना हा अधिकारच नाही, विधिमंडळाने करावं. गाडीवान म्हणाले तसंच मिशिगनसारखं.

तेव्हा न्याय पाहिजे म्हणताना तो कोणाच्या खिशातून द्यायचा तेही सांगावं लागेल. मला स्वतःला माझं बिल वाढलं तरी चाललं असतं का? खरं सांगू, त्या महिन्यात नाही चाललं.

गाडीवान_मिशिगन:
हे प्रांजळ लिहिलंत. पण याचाच दुसरा अर्थ असा ना, की त्याआधी इतकी वर्षं तुमची सूट चाफेकळीसारख्यांनी भरली?

सिअ‍ॅटलचा_पाऊस:
किंवा त्याआधी त्यांचे क्लेम मी भरत होतो. गणित्या म्हणतील तेच खरं की क्लेमचे आकडे तसेच आहेत. कोण कोणाचं भरतंय हे तुम्ही कुठून मोजायला सुरुवात करता त्यावर आहे.

गणित्या:
पाऊस यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तरी मी आज धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट लिहिणार आहे.

२००७ चा एफटीसीचा रिपोर्ट आम्ही लोक फार आवडीने दाखवतो. त्यात म्हटलंय की स्कोर वापरले तर ५९% ग्राहकांचा अंदाजे प्रीमियम उतरेल आणि ४१% चा चढेल. पण त्याच रिपोर्टात पुढे वंशाप्रमाणे आकडे आहेत. स्कोर वापरल्यावर कृष्णवर्णीयांची मोजलेली जोखीम सरासरी १०% वाढते, हिस्पॅनिकांची ४.२% वाढते, गोऱ्यांची १.६% उतरते, आणि आशियाईंची ४.९% उतरते. हो, सगळ्यात जास्त फायदा आपल्या गटाला. म्हणजे आपल्यातले बरेचसे लोक या पद्धतीवर गप्प का असतात ते कळतं. रिपोर्टाचं म्हणणं असं की स्कोर हा वंशाचा नुसता मुखवटा नाही, प्रत्येक गटाच्या आतही तो क्लेमचा अंदाज बरोबर देतो. आणि असंही की हा फरक कमी करेल पण अंदाज तितकाच चांगला देईल असं दुसरं मॉडेल त्यांना बनवता आलं नाही. कमिशनच्या एक सदस्या, पामेला जोन्स हार्बर, यांनी मात्र असहमती नोंदवली, कारण डेटा पाच कंपन्यांनी आपखुशीने दिलेला होता.

आमच्या धंद्यात 'अन्याय्य भेदभाव' याचा अर्थ ठरलेला आहे. सारख्या खर्चाच्या दोन माणसांना वेगळा रेट लावला तर तो अन्याय्य. खर्च वेगळा दिसत असेल तर रेट वेगळा लावणं हाच न्याय, कारण विचारायचं कारण नाही. मी वीसेक वर्षं याच अर्थाने काम केलंय आणि ऐच्छिक विम्याला तो ठीकही आहे. पण गाडीचा लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा ऐच्छिक नाही, जवळजवळ सगळ्या राज्यांत सक्तीचा आहे आणि गाडीशिवाय टेक्सासात दूधही आणता येत नाही. राज्य एखादी वस्तू सगळ्यांना घ्यायला लावतं तेव्हा तिची किंमत माणसाच्या हातात असलेल्या गोष्टींवर जास्तीत जास्त ठरावी, असं मला आता वाटतं. वेग हातात आहे, मैल बऱ्यापैकी हातात आहेत. लेऑफ हातात नाही. आकड्यांत संबंध सापडला एवढ्यावर वापरायचा हक्क मिळत नाही, युरोपात २०१२ च्या डिसेंबरपासून स्त्री-पुरुष हा फरक प्रीमियममध्ये बंद केला तेव्हाही संबंध खराच होता, तो वापरायचा नाही एवढं ठरवलं.

अण्णा_एडिसनकर:
गणित्या, हे तुमच्या बॉसला दाखवू नका.

माझी राहिलेली गोष्ट. मी जुन्या वळणाचा, घर फेडलं, गाडी रोख घेतली, एक कार्ड होतं तेही बायकोच्या नावावर. कर्ज नको ही शिकवण. तर माझी फाईल इतकी पातळ झाली की नवीन कंपनीत गेलो तेव्हा मला वरचा रेट मिळेना. ज्याच्याकडे एक डॉलरचं देणं नाही त्याच्यापेक्षा तीन कार्डं आणि होमलोन नीट चालवणारा माणूस जास्त भरवशाचा! आता मुलाने सांगून एक कार्ड घेतलंय, त्यावर फक्त पेट्रोल टाकतो. कर्ज न काढण्याची शिक्षा म्हणून कर्ज काढतोय.

वटवट_सुमी:
अण्णा, हसून हसून पुरेवाट!

रेड्यामुखी:
एक आकडा राहिला तो टाकतो. कंझ्युमर रिपोर्ट्सने २०१५ मध्ये देशभरातले रेट गोळा करून तपासले होते. फ्लोरिडात स्वच्छ रेकॉर्ड पण वाईट क्रेडिट असलेला ड्रायव्हर हा दारू पिऊन चालवताना पकडलेल्या पण उत्तम क्रेडिटवाल्या ड्रायव्हरपेक्षा वर्षाला सरासरी १,५५२ डॉलर जास्त भरत होता. मॉडेल कितीही अचूक असो, ही ओळ वाचल्यावर ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

चाफेकळी:
सगळ्यांचे खूप आभार. कव्हरेज ओळ ओळ लावलं, गणित्या म्हणाले तसं कॉम्प्रिहेन्सिव्हची वाढ वेगळी दिसतेय पण लायबिलिटी आणि कोलिजनही (धडकेत आपल्या गाडीचं नुकसान) चढलेत. ब्युरोकडून रिपोर्ट मागवला तर त्यात एक जुनं बंद केलेलं कार्ड उघडं दाखवलंय बॅलन्ससकट, त्याचा डिस्प्यूट (हरकत) टाकला. आणि लेऑफचं पत्र जोडून लेखी विनंती पाठवली, एजंटला प्रकरण ५५९ म्हटल्यावर तो जरा थांबला आणि मग म्हणाला बघतो.

तो आता दुसरंच सुचवतोय की फोनवर अ‍ॅप टाका, ते तुमचं चालवणं मोजेल आणि क्रेडिटचं ओझं हलकं होईल. टाकावं का?

गाडीवान_मिशिगन:
मी टाकलं होतं. सूट मिळाली थोडी. पण रात्री उशिरा चालवलं की गुण जातात, आणि रात्रपाळीवाला कारखान्यातून घरी कसा येणार हे अ‍ॅपला कोण सांगणार? कडक ब्रेक मोजतात, समोर हरीण आलं तरी मोजतात. मिशिगनमध्ये हरणं काय कमी आहेत का.

रेड्यामुखी:
टाकण्याआधी तो डेटा कोणाकडे जातो ते वाचा. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून चालवण्याची माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या डेटा कंपन्यांकडे जात होती हे २०२४ मध्ये बाहेर आलं, कित्येक मालकांना आपण कशाला होकार दिलाय हे माहीतच नव्हतं. तुमच्याच टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलने त्यावर खटला भरला आणि २०२५ च्या जानेवारीत एफटीसीने अशी माहिती रिपोर्टिंग कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घालणारी कारवाई जाहीर केली. त्यामुळे क्रेडिटऐवजी हे बरं असं पटकन म्हणवत नाही. लेक्सिसनेक्सिसकडे तुमची स्वतःची फाईल फुकट मागवता येते, त्यात मागच्या सात वर्षांचे क्लेमही असतात, ती आधी मागवा. त्यात चुका निघतात, दुसऱ्याचा क्लेम तुमच्या नावावर असं बघितलंय मी.

गणित्या:
अ‍ॅप टाकायचं की नाही तुमची मर्जी, पण एजंटला दोन गोष्टी आधी लेखी विचारा. एक, अ‍ॅपचे गुण वाईट आले तर रेट चढू शकतो का की फक्त सूट कमी होते, हे कंपनीप्रमाणे वेगळं असतं. दोन, डिस्प्यूट सुटून रिपोर्ट दुरुस्त झाला तर ते मधल्या काळातला जास्तीचा प्रीमियम परत करणार का. बहुतेक राज्यांत रिपोर्टातली चूक सिद्ध झाली की नव्याने रेट काढून फरक द्यावा लागतो, तो मागावा लागतो. आणि रिन्युअलच्या आधी नवा क्रेडिट रिपोर्ट काढून परत रेट करा अशी विनंतीही टाका, एव्हाना कार्डांचे बॅलन्स उतरले असतील तर त्याचा उपयोग होईल.

नवा_गडी:
कोरोला घेतली. रेट बघून आता सायकलपण बघतोय.